या कागदावर बोलतंय कोण? मानसशास्त्रीय चाचण्या हाताळायला शिकणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रीय मूल्यमापन शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही दिवसांतच टेबलावर चाचण्यांचा ढीग जमतो. पडताळा सूच्या, शोधिका, मापनश्रेण्या, आणि कोपऱ्यात वायरींचं एखादं यंत्र. नव्या माणसाला वाटतं, यातली कुठली कधी घ्यायची एवढं पाठ झालं की काम झालं. माझा अनुभव वेगळा आहे. चाचणी चुकीची निवडल्यामुळे फसगत होते त्यापेक्षा जास्त वेळा ती बरोबर चाचणीचं उत्तर चुकीच्या माणसाच्या तोंडी घातल्यामुळे होते. म्हणून प्रत्येक कागद हातात घेताना आधी एक गोष्ट विचारायची सवय लावा: इथे बोलतंय कोण?

पडताळा सूचीत बहुधा पाहणारा बोलतो. आई, शिक्षक, वॉर्डातली परिचारिका, कधी ती व्यक्ती स्वतः. समोर वर्तनांची यादी असते, दिसलं त्यापुढे खूण करायची. शोधिकेत, म्हणजे स्वतःविषयीच्या विधानांच्या प्रश्नावलीत, माणूस स्वतःविषयी बोलतो, आणि स्वतःविषयी बोलताना आपण सगळेच थोडं सावरून बोलतो. शारीरिक मापनात शरीर बोलतं. ते सावरून बोलत नाही हे खरं, पण आतमध्ये काहीतरी हललं एवढंच ते सांगतं, का हललं ते सांगत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन आवाजांना धरूनच आहेत.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

'मूल्यमापन करून द्यावे' अशी चिठ्ठी येते. हा प्रश्न नव्हे. पाठवणाऱ्याशी बोला आणि नेमकं काय जाणून घ्यायचंय ते एका ओळीत उतरवा. 'तीन महिन्यांपासून झोप नाही, कामात लक्ष नाही. यात नैराश्य किती आणि चिंता किती?' हा प्रश्न झाला. 'उपचार सुरू होऊन सहा आठवडे झाले, फरक पडतोय का?' हाही झाला, पण त्याला लागणारं साधन वेगळं. पहिल्यासाठी सविस्तर मुलाखत आणि व्यापक शोधिका लागेल, दुसऱ्यासाठी पाच मिनिटांत भरता येईल अशी आणि पुन्हा पुन्हा देता येईल अशी छोटी प्रश्नावली. ती ओळ कागदाच्या डोक्यावर राहू द्या. जी चाचणी त्या ओळीला उत्तर देत नाही ती घेऊ नका, कपाटात असली तरी.

पायरी २: पडताळा सूची देताना

सूची दिसायला सगळ्यात सोपी, म्हणून नवशिके तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. मुलांच्या वर्तनासाठी थॉमस आखेनबाख यांनी तयार केलेली सूची घ्या. ६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असलेली ही सूची पालक भरतात. प्रत्येक वर्तनापुढे तीन पर्याय: लागू नाही म्हणजे ०, थोडंफार किंवा कधीकधी म्हणजे १, अगदी खरं किंवा नेहमी म्हणजे २. आणि विचार करायचा तो गेल्या सहा महिन्यांचा.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. काल रात्री मुलाने आदळआपट केली असेल तर आज आईच्या डोळ्यांपुढे तीच रात्र असते आणि सहा महिने पुसले जातात. त्यामुळे सूची हातात देण्याआधी कालावधी मोठ्याने वाचून दाखवा, आणि निम्म्यात पुन्हा एकदा आठवण करा. 'कधीकधी' या शब्दाचंही तसंच. एका घरात आठवड्यातून एकदा म्हणजे कधीकधी, दुसऱ्या घरात दिवसातून दोनदा. सूची परत आली की ज्या विधानांपुढे २ आहे त्यातली चार-पाच निवडा आणि विचारा, 'असं शेवटचं कधी झालं? तेव्हा काय घडलं?' या दोन प्रश्नांतून मिळणारी माहिती कित्येकदा बेरजेपेक्षा मोलाची ठरते.

आता समजा, 'एका जागी बसत नाही' यापुढे आईने २ लिहिलंय आणि शिक्षकांनी ०. नव्या माणसाचा हात सरासरीकडे जातो. सरासरी काढू नका. आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा आई-वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतल्या दोन माणसांच्या उत्तरांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) सरासरी ०.६० निघाला, पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या माणसांमध्ये ०.२८, आणि मूल स्वतः व इतर यांच्यामध्ये ०.२२. म्हणजे न जुळणं हीच रीत आहे. मूल वर्गात बसतं आणि घरी बसत नाही, हे दोन्ही खरं असू शकतं. घरी कुठल्या वेळी, कोण समोर असताना, काय करायला सांगितल्यावर, हे शोधायचं काम तिथूनच सुरू होतं.

पायरी ३: शोधिका देताना

शोधिकांची गोष्ट पहिल्या महायुद्धातून सुरू होते. सैनिकांच्या मानसिक अडचणी झटपट ओळखता याव्यात म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ हो-नाही प्रश्नांचा एक तक्ता बनवला. तो पुरता वापरात येण्याआधी युद्ध संपलं, पण त्याची उणीव पुढे सगळ्यांच्याच लक्षात आली: प्रश्न इतके उघड होते की ज्याला चांगलं दिसायचंय तो सहज चांगलं दिसू शकत होता.

या अडचणीला मोठं उत्तर १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातून आलं. हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व शोधिका तयार करताना विधानं 'वाटतं' म्हणून निवडली नाहीत. निदान झालेले रुग्ण आणि इतर माणसं ज्या विधानांना खरोखर वेगळी उत्तरं देतात तीच ठेवली. शिवाय उत्तरं देण्याची तऱ्हा तपासणाऱ्या श्रेण्या, म्हणजे विधानांचे गट, जोडल्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत, आणि हे तपासणीचे कप्पे तिथे अधिक वाढले. 'मला आयुष्यात कधीच राग आला नाही' अशा धाटणीच्या विधानांना कुणी सलग होकार देत गेला तर तो माणूस स्वतःला फार स्वच्छ दाखवतोय असं समजायचं. हे उदाहरण मी बनवलेलं आहे. चाचणीतली खरी विधानं कुठेही छापायची किंवा गटांत टाकायची नसतात, कारण उत्तरं आधी ठाऊक झालेली चाचणी पुढच्या माणसासाठी वाया जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कोऱ्या जागा मोजा. मग उत्तरांची तऱ्हा पाहा: सगळीकडे होकार, सगळीकडे मधला पर्याय, एकाच अर्थाच्या दोन विधानांना उलट उत्तरं. त्यानंतर मुख्य श्रेण्या. मी शिकत असताना एकदा थेट श्रेण्यांकडे उडी मारली आणि चक्क आजाराचं चित्र रंगवून मोकळी झाले. मार्गदर्शक बाईंनी उत्तरपत्रिका हातात घेतली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथून पुढे 'खरं, खोटं, खरं, खोटं' अशी सरळ नक्षी होती. माणूस थकला होता, आणि मी त्याच्या थकव्याला आजाराचं नाव दिलं होतं.

एक फरक मात्र सुरुवातीपासून पक्का असू द्या: आत्ताची अवस्था आणि कायमचा स्वभाव. स्पीलबर्गर यांच्या चिंता शोधिकेत ४० विधानं असतात. २० 'या क्षणी कसं वाटतंय' यावर, २० 'एरवी कसं वाटतं' यावर. परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या मुलीची पहिली संख्या चढलेलीच असणार. त्यावरून ती चिंताळू स्वभावाची आहे असं लिहिलंत तर तो अन्याय आहे.

नैराश्यासाठी दोन साधनं वारंवार भेटतील. बेक यांच्या शोधिकेच्या १९९६ च्या आवृत्तीत २१ गट आहेत, प्रत्येकी ० ते ३, एकूण ६३ पर्यंत. पीएचक्यू-९ या छोट्या प्रश्नावलीत ९ प्रश्न, एकूण २७ पर्यंत, आणि १० पासून पुढे काळजीपूर्वक पाहण्याचा इशारा. दोन्हींचा कालावधी गेले दोन आठवडे. आणि दोन्हींमध्ये नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे.

या नवव्या प्रश्नाबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. कागद परत हातात आला की बेरीज करण्याआधी, खुर्चीतून कुणी उठण्याआधी, नववा प्रश्न पाहा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच बैठकीत, शांत आवाजात, सरळ शब्दांत विचारा: 'इथे तुम्ही ही खूण केलीय. मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार आलाय का? आत्ता जवळ तसं काही आहे का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. कुणीतरी विचारलं याचा बहुतेकांना हलकेपणाच वाटतो. शिकाऊ असाल तर त्याच वेळी वरिष्ठांना बोलवा, आणि ते येईपर्यंत त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. एकूण बेरीज कमी आहे म्हणून हा प्रश्न कधीही मागे ठेवायचा नाही.

पायरी ४: बसवणं, वाचून दाखवणं, न समजावणं

जागा शांत हवी, उजेड पुरेसा, आणि खांद्यावरून डोकावणारं कुणी नको. कागद घरी पाठवू नका. घरी तो सगळं कुटुंब मिळून भरतं. सुरुवातीला सांगा की ही परीक्षा नाही, बरोबर-चूक उत्तर नाही, माहिती कुणाला दिसेल आणि कुणाला नाही, आणि मधेच थांबायची मुभा आहे. संमती घ्यायची ती एवढं सांगून झाल्यावरच.

'याचा अर्थ काय?' असं कुणी विचारलं तर विधान पुन्हा वाचून दाखवा, 'तुम्हाला जो अर्थ वाटतो त्याप्रमाणे' एवढंच म्हणा. आपण समजावायला गेलो की विधान आपलं होतं आणि चाचणीची मानकं, म्हणजे तुलनेसाठी इतर लोकांच्या उत्तरांवरून ठरवलेले आकडे, त्याला लागू राहत नाहीत. वाचायला जड जात असेल तर आधीच ओळखा. पुष्कळ माणसं 'चष्मा विसरलो' म्हणतात आणि त्यामागे वेगळं कारण असतं. त्यांचा मान राखून सगळं वाचून दाखवा आणि तसं अहवालात नोंदवा.

भाषेचंही पाहा. ऐनवेळी स्वतः भाषांतर करून विचारणं म्हणजे नवीनच, कुणी न तपासलेली चाचणी वापरणं. चांगल्या भाषांतरात एक माणूस विधान आपल्या भाषेत आणतो, दुसरा मूळ न पाहता ते उलट नेतो, आणि दोन्ही ताडून पाहतात. मग त्या भाषेतल्या माणसांवर चाचणी पुन्हा प्रमाणित होते.

पायरी ५: संख्या वाचताना

उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटे धरायला विसरू नका. बेरीज दोनदा करा.

पुष्कळ शोधिका कच्चे गुण टी-गुणांत बदलतात. त्यांचा मध्य ५० आणि प्रमाण विचलन (गुण मध्यापासून साधारण किती पसरतात ते) १० असतं. समजा टी-गुण ६५ आला आणि त्या श्रेणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर गुण किती सारखा येतो) ०.८४ आहे. मापनाची प्रमाण चूक काढायची तर १ मधून ०.८४ वजा करा, उरले ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले १०, म्हणजे ४. याचा अर्थ खरा गुण साधारण ६१ ते ६९ च्या पट्ट्यात असावा, आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर पट्टा ५७ ते ७३ इतका रुंद होतो. ६४ आणि ६६ या दोन माणसांमध्ये रेषा ओढून एकाला आजारी आणि दुसऱ्याला बरा म्हणताना हा पट्टा डोळ्यांपुढे ठेवा.

दुसरा हिशेब त्याहून जास्त डोळे उघडणारा आहे. कागदावर एकदा स्वतः करून पाहा. एक हजार माणसं, त्यातल्या ५० जणांना एखादी अडचण खरोखर आहे. आपली सूची अडचण असलेल्या शंभरातल्या ९० जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना सोडून देते. ऐकायला उत्तम. तर ५० पैकी ४५ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी मात्र ९५ जण विनाकारण अडकतील. एकूण १४० जणांपुढे खूण, आणि त्यातले खरे ४५, म्हणजे तिघांतला एक. म्हणून सूची चाळणी आहे, निदान मुलाखतीनंतरच.

पायरी ६: शरीर काय म्हणतंय ते ऐकताना

काळजात धस्स होतं, हाताला घाम फुटतो, अंगावर काटा येतो. भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. यंत्र त्याला आकडा देतं, इतकंच.

शिकायला त्वचेची विद्युतवाहकता सगळ्यात चांगली, कारण तिथे सगळं डोळ्यांसमोर घडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फेरे आणि तार्खानोव्ह यांनी हा बदल नोंदवला. तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेच्या, ताब्यात असतात. ती जागी झाली की त्वचेतून वीज जरा सहज वाहते. ही वाढ मायक्रोसीमेन्स या एककात मोजतात.

ज्या हाताने व्यक्ती लिहीत नाही तो हात घ्या. साध्या कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा. साबण आणि स्पिरिट टाळा, त्याने त्वचेचा क्षार जातो. दोन बोटांच्या पेरांवर जेल लावलेले इलेक्ट्रोड बसवा आणि पाच-दहा मिनिटं काहीही करू नका. जेल मुरायला आणि माणूस यंत्राला सरावायला तेवढा वेळ लागतो. आता सांगा, 'एक खोल श्वास घ्या.' पडद्यावरची रेषा लगेच हलणार नाही. साधारण एक ते तीन सेकंद जातील, मग ती उचलेल, शिखर गाठेल आणि सावकाश खाली येईल. हा उशीर डोळ्यांनी पाहून ठेवा, कारण पुढे कुठली चढण कुठल्या घटनेची हे त्यावरूनच ठरतं.

मग दार जरा जोरात लावा. रेषा पुन्हा तशीच उचलेल. प्रियजनाचं नाव घ्या, अवघड गणित घाला, खोकायला सांगा, चढण तीच. भीती, आनंद, आश्चर्य, प्रयत्न यांच्या वेगळाल्या चढणी नसतात. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी 'यंत्राने खोटं पकडलं' असं सहसा म्हणत नाही. जॉन लार्सन यांनी १९२१ साली रक्तदाब आणि श्वास एकत्र नोंदवणारं यंत्र बनवलं तेव्हापासून खोटं शोधण्याची आशा चालत आली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की नोकरदारांची सरसकट चाळणी करण्याइतकी त्या चाचणीची अचूकता नाही. निर्दोष माणूसही घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाची रेषा चढतेच.

शारीरिक नोंद घेण्याआधी चार गोष्टी विचारून लिहा: गेल्या काही तासांत कॉफी किंवा चहा, तंबाखू, व्यायाम, आणि चालू औषधं. बीटा ब्लॉकर ही ठोके मंदावणारी औषधं घेणाऱ्याचं हृदय ताणातही सावकाश चालतं, काही जुनी नैराश्यविरोधी औषधं घाम कमी करतात. खोली थंड असेल तर बोटं गार पडतात आणि रेषा सपाट राहते. काही निरोगी माणसांची रेषा मुळातच फारशी हलत नाही. म्हणून एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच माणसाच्या स्वस्थ अवस्थेशी करा.

हृदयाचं थोडक्यात: श्वास आत घेताना ठोके किंचित वेगाने आणि सोडताना सावकाश पडतात. ही लवचीकता तरुणपणी जास्त, वयाबरोबर कमी होत जाते. वय न पाहता तिचा अर्थ लावू नका. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजायचं असेल तर घड्याळ फार महत्त्वाचं, कारण जागं झाल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वाधिक असतं आणि दिवसभर उतरत जातं.

मेंदूच्या विद्युतलहरी हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ फेऱ्यांच्या अल्फा लहरी उमटतात, डोळे उघडले की विरतात. पापणी लवली, दात आवळले तरी या नोंदीवर, म्हणजे ईईजीवर, मोठी खूण उठते. ईईजीचा खरा उपयोग अपस्मार तपासायला आणि झोपेच्या अभ्यासाला होतो. 'ईईजीवर नैराश्य दिसलं' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

पायरी ७: तिघांचं एकत्र मांडताना

समजा, एक गृहस्थ चिंतेच्या शोधिकेवर अगदी कमी गुण मिळवतात. 'मला कसलाच त्रास नाही.' पत्नीने भरलेल्या सूचीत मात्र चिडचिड, रात्री उठून बसणं, छाती आवळणं यांपुढे खुणा आहेत. आणि साधं गणित घातल्यावर त्यांच्या त्वचेची रेषा उंच जाते, लवकर उतरत नाही. खोटं कोण बोलतंय? बहुधा कुणीच नाही. वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली अशा माणसांचा अभ्यास केला: स्वतःला शांत समजतात, चांगलं दिसण्याची ओढ जास्त, आणि ताणाखाली शरीर खळबळलेलं. चिंता लपवणं वेगळं आणि चिंता स्वतःलाच न जाणवणं वेगळं. हे तीन कागद शेजारी ठेवले म्हणून दिसलं. त्यांची बेरीज केली असती तर 'मध्यम' असा एक निरर्थक शब्द उरला असता.

अहवालात प्रत्येक निष्कर्षापुढे तो कुणाच्या तोंडचा ते लिहा: 'आईच्या निरीक्षणानुसार', 'स्वतःच्या म्हणण्यानुसार', 'विश्रांतीच्या तुलनेत त्वचेची प्रतिक्रिया'. आणि कुणालाही लागू होतील अशी वाक्यं निर्दयपणे खोडा. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं एकच ठोकळेबाज वर्णन प्रत्येकाचं खास म्हणून दिलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्यामुळे 'अगदी बरोबर सांगितलंत!' ही दाद पुरावा म्हणून धरता येत नाही.

निष्कर्ष सांगायला बसाल तेव्हा आकडे बाजूला ठेवून त्यांच्याच शब्दांपासून सुरुवात करा, सावकाश बोला, आणि मधे थांबून विचारा, 'यातलं काय तुम्हाला पटत नाही?' जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, अहवालाच्या त्याच पानावर लिहा.